पंचनाम्यात एकही पलंग नव्हता

लातूरच्या ठाण्यातली एक तक्रार अजून डोक्यातून जात नाही, कारण तिच्यात चूक माझी होती.

भूकंपाला काही वर्षं झाली होती. शिकवण्यांसाठी शहरात पोरं लोटत होती, गल्लीगल्लीत वसतिगृहं निघत होती. अशाच एका वसतिगृहाच्या मालकाने खबर दिली, औसा रस्त्यावरचा मिस्त्री पडलेल्या गावांतून लाकूड चोरतो आणि टेबलं करून विकतो. मी छापा घातला. जुन्या तुळया, चौकटी, दारांच्या फळ्या आणि त्यांचं केलेलं सामान निघालं. पावती एकाचीही नाही. माल जप्त, मिस्त्री ठाण्यात.

"लाकूड कुणाचं?"

"दिलेलं हाय, साहेब."

"कुणी?"

"नाव न्हाई सांगत. मयत झालेल्या घरच्या बाईला ठाण्यात खेचू का?"

"मग बस आत."

"बसतो की. चहा तर पाजा."

हवालदार हसला. मी नाही.

दुपारी पंचनामा पुन्हा वाचला. टेबलं, स्टुलं, पुस्तकांच्या मांडण्या. पलंग एकही नाही! वसतिगृहाला आधी पलंगच लागतात. मिस्त्रीला विचारलं, तेव्हा तो पहिल्यांदा चिडला.

"ह्याच्याखाली माणसं झोपेत गेली, साहेब. ह्याच्यावर लेकरं झोपवू? त्या मालकाची पलंगांची ऑर्डर मी परत केली. म्हणून त्यानं तुमाला धाडलं."

त्याने फक्त गावाचं नाव सांगितलं. जप्तीतली एक निळी फळी घेऊन मी साध्या कपड्यांत त्या गावाच्या नव्या वसाहतीत गेलो. पाचव्या घरातल्या बाईने फळीवरून हात फिरवला.

"आमच्या दाराची हाय."

"चोरीला गेली होती?"

"चोरी कशाची? मीच दिली. घरात ठेववंना, चुलीत घालवंना." मग ती एकदम घाबरली. "पलंग तर न्हाई ना केला त्यानं? शब्द दिला व्हता."

तिचा जबाब मी तिच्याच ओसरीवर नोंदवला. मिस्त्री सुटला, माल त्याच्याकडे परत गेला, टेम्पोत चढवायला मीही हात लावला. खोट्या खबरीबद्दल मालकावर कारवाई केली. पण पावती नाही म्हणून मिस्त्री चोर आणि इस्त्रीचे कपडे म्हणून मालक खरा, हे मी किती सहज धरून चाललो होतो! खाकीला याची लाज वाटली पाहिजे. मला वाटली.

निवृत्तीनंतर त्याच मिस्त्रीकडून तसल्याच पडलेल्या घराच्या लाकडाचं एक टेबल करून घेतलं. त्यावर नात अभ्यास करते. पुस्तकावर डोकं टेकून तिचा डोळा लागला, की मी तिला हलवून आत झोपायला पाठवतो. शब्द मिस्त्रीने दिला होता; आता थोडा माझाही आहे.