बघणं आणि वाचणं

सिनसिनाटीचे डेल्बर्ट क्राउस सव्वीस वर्षं सरकारी ऑफिसात बिअरची लेबलं तपासत होते. त्यांच्या मंजुरीशिवाय नवा डबा राज्याबाहेर जात नसे. एक ऑक्टोबरला बजेट अडलं, सरकारचं कामकाज बंद पडलं आणि क्राउस घरी बसले. सोबत पत्र: बिनपगारी रजेत सरकारी काम करणं, अगदी हौसेनं केलं तरी, गुन्हा आहे.

घरी करमेना म्हणून ते रोज दुपारी रोंडा पिकेटकडे जाऊ लागले. रोंडा स्वतः बिअर बनवून विकायची. दारावरच्या फळ्यावर तिनं लिहिलं होतं, ‘सरकारी माणसांना पहिला ग्लास फुकट.’

तिच्या भोपळ्याच्या बिअरचा अर्ज क्राउसांच्याच टेबलावर अडकला होता. नदीपलीकडच्या केंटकी राज्यात पाठवायचे नऊ हजार डबे लेबलं चिकटवून तयार होते. ऑक्टोबरअखेरचा हॅलोविनचा सण संपला की त्या बिअरला कुणी विचारत नाही.

काउंटरवर नमुन्याचा डबा होता. पहिल्याच दिवशी क्राउसांची नजर लेबलाच्या तळाशी गेली. दारूच्या धोक्याच्या सूचनेवरचे ‘सरकारी इशारा’ हे शब्द नियमाप्रमाणे ठळक हवेत. ते बारीक होते.

“कसं आहे लेबल, डेल्बर्ट?”

“भोपळा हसरा आहे.”

“मग मार की सही, या नॅपकिनवर!”

“तुरुंगात डबा आणशील का?”

“आणीन. मंजूर झाला तर!”

क्राउस हसले आणि गप्प राहिले. चूक सांगणं म्हणजे तपासणं, तपासणं म्हणजे काम. टीव्हीवर तज्ज्ञ देशाचं नुकसान अब्जांत सांगत होते. क्राउस हळहळत आणि फुकटचा ग्लास संपवत.

हॅलोविन गेला. “नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला अर्ध्या भावात तरी काढीन,” रोंडा म्हणाली.

नोव्हेंबरच्या मध्यावर ऑफिस उघडलं. क्राउसांना घरी बसल्या दिवसांचा पूर्ण पगार मंजूर झाला. त्यांनी सर्वांत आधी रोंडाचाच अर्ज काढला आणि शेरा मारला: ‘अक्षरं ठळक करून पुन्हा पाठवावं.’

तिचा लगेच फोन आला. “अरे, सहा आठवडे तू त्या डब्यासमोर बसला होतास! तेव्हाच सांगितलं असतंस, तर एव्हाना नवी लेबलं चिकटवून झाली असती!”

“रोंडा, मी बघत होतो. वाचत नव्हतो.”

संध्याकाळी क्राउस पगाराच्या आनंदात तिच्याकडे गेले. फळा पुसून नव्यानं लिहिला होता: ‘सरकारी इशारा: सरकारी माणसांना आत प्रवेश नाही.’

क्राउस दारातच थांबले. अक्षरं मात्र चांगली ठळक होती.