जोतीरामांची दोन वाक्यं

जोतीराम मोहित्यांबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. आम्ही शेजारी होतो, इतकंच. साखर कारखान्यात ते नेमकं काय काम करत होते, हेही मी कधी विचारलं नाही. लिहिण्याची मला सवय नाही, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्यावं.

जोतीराम बोलताना अडखळत. पहिलं अक्षर तोंडात अडकलं की समोरचा माणूस घाईने शब्द पुरा करून टाकी. दुकानात ते "सा... सा..." करत आणि दुकानदार साखर बांधून देई. त्यांना साबण हवा असे. ते मुकाट्याने साखर घेऊन घरी येत. त्यांच्या आई, बनुबाई, हसत म्हणायच्या, "आमच्यात चहा लय गोड असतोय, या प्यायला."

माझी नात स्वप्नाली सांगलीला कॉलेजात मानसशास्त्र शिकते. ती म्हणाली, "नाना, अडखळण्यात मुलाचा दोष नसतो. पण वर्ग हसला की मूल गप्प राहायला शिकतं, आणि ते शिकलेलं सहज सुटत नाही." अशी माणसं दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळून बोलली तर बहुतेक वेळा अडखळत नाहीत, असंही तिने सांगितलं. मला पटलं. देवळातल्या आरतीत जोतीरामांचा आवाज सगळ्यांत स्वच्छ असायचा. हे मी त्यांच्या कानावर घातलं. ते नुसते लाजले.

यंदा माघात बनुबाई गेल्या. आमच्याकडे रक्षाविसर्जनाला नदीकाठी भाषणं होतात आणि शेवटी घरचा माणूस आभार मानतो. मोहित्यांच्या घरचं असलं बोलणं नेहमी चुलतभाऊ भाऊसो करायचे. पण आदल्या दिवशी जोतीराम माझ्याकडे आले.

"आईचं मी-मीच बोलणार. दोनच वा-वाक्यं. माझ्या सं-संगं बोला."

चार माणसांत मी कधी तोंड उघडलेलं नाही. शिवाय पहिलं वाक्य 'माझी आई' असं सुरू होत होतं.

"तिथं मी 'यांची आई' म्हणू का?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. शब्द तेच हवेत, नाहीतर जमायचं नाही. मग परसात म्हशीपुढे उभं राहून आम्ही दुपारभर सराव केला.

नदीकाठी भाऊसो पुढे सरसावले, तोच जोतीराम माझा हात धरून उभे राहिले. आम्ही एका सुरात म्हणालो, "माझी आई मला कधी लवकर बोल म्हणाली नाही. तिला निरोप द्यायला आलात, तुमचे उपकार आहेत."

एकही अक्षर अडकलं नाही. मग मागून कुणीतरी बोललं, "नानांचीबी आई व्हय रं ही? कवापासनं?"

एक हसला. त्याच्याकडे बघून दुसरा हसला. मग दुखवट्याला आलेली सगळी गर्दी खाली माना घालून हसायला लागली. एकेकटा गाठला तर त्यातला कुणी वाईट नव्हता. जोतीरामांनी माझा हात सोडला.

तेव्हापासून गाव आम्हाला 'जुळं' म्हणू लागलं. कट्ट्यावरून जाताना हाक यायची, "जुळ्यातलं थोरलं चाललं बघा." मी मान खाली घालून जायचो. जोतीरामांना वाटलं, आपल्यापायी म्हाताऱ्या माणसाची शोभा झाली. त्यांनी माझ्याकडे येणं सोडलं. आरतीतही ओठ मिटून उभे राहू लागले. चारचौघांत मी आयुष्यात तेवढंच काय ते बोललो होतो, आणि बोलल्याचं मला बरंच वाटत होतं. हे त्यांना जाऊन सांगायचं मी रोज ठरवायचो, आणि फाटकापर्यंत जाऊन परत यायचो.

उन्हाळ्यात ते साताऱ्याला मुलीकडे, क्रांतीकडे, राहायला निघाले. तिथेच अचानक गेले. निघायच्या दिवशी मात्र पिशवी घेऊन ते माझ्या दाराशी थांबले होते.

"नाना, मा-माझ्यापायी तुमाला लोकं ह-हसली."

"हसू देत."

"लय ला-लाज वाटती."

सांगायचं ते ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, "गाडी कुठून मिळेल?"

"ति-तिठ्यावरनं."

"मग ऊन वाढायच्या आत निघा."

"व्हय. ये-येतो."