मुदत संपल्यावरचं दुखणं

माझी बायको घाटकोपरच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये सिस्टर होती. तान्ह्या मुलाला सलाईन लावायचं असलं की डॉक्टर तिलाच हाक मारायचे. ती मुलाचा हात आपल्या हातात घ्यायची, बोटाच्या टोकाने चाचपायची आणि डोळ्यांना न दिसणारी शीर तिला सापडायची. तिचं कौतुक व्हायचं ते एवढ्यासाठीच, आणि तिला ते पुरायचं.

मे महिन्यात एका दुपारी साकीनाक्याच्या सिग्नलला आमची रिक्षा उभी असताना मागून एक गाडी येऊन आदळली. फार जोरात नाही. रिक्षाचा पत्रा चेपला, आणि बायकोची मान एकदा पुढे जाऊन मागे आली. गाडीवाला सभ्य होता. हॉस्पिटलला नेऊ का, असं त्याने दोनदा विचारलं. रिक्षावाल्याशी त्याचं तिथल्या तिथे मिटलं. पोलिसात जाऊया का, असं मी तिला विचारलं.

“कशाला रे? नुसता झटका बसलाय,” ती म्हणाली. “उगाच त्याच्या मागे लचांड.”

मागून हॉर्न वाजत होते. आम्ही दुसरी रिक्षा केली. गाडीचा नंबर घ्यावा हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मान आठवडाभर आखडली होती. तिने शेकली, गोळ्या घेतल्या, बरं वाटलं. दिवाळीत चकल्या पाडताना तिच्या उजव्या अंगठ्याला मुंग्या आल्या. सोऱ्या दाबून आल्या असतील म्हणाली. त्या गेल्या, परत आल्या, आणि मग गेल्याच नाहीत. एके दिवशी ती घरी आली ती चप्पलही न काढता खुर्चीत बसली. नर्सिंग होममध्ये जुलाबाने गळून गेलेलं एक मूल आलं होतं. तिने दोन्ही हात बघितले, पाय बघितले, दोनदा सुई टोचली. शेवटी नवीन लागलेल्या मुलीने शीर शोधली.

“मला बोटाखाली काही लागतच नाही रे,” ती म्हणाली.

एमआरआयमध्ये मानेतली गादी सरकून नसेवर दाबत असल्याचं निघालं. डॉक्टरांनी विचारलं, मानेला कधी झटका बसला होता का? तेव्हा आम्हाला ती रिक्षा आठवली. त्यामुळे असू शकतं, ते म्हणाले. पण तसं ठामपणे लिहून देता येणार नाही.

नुकसानभरपाई मिळते असं कुणी सांगितलं म्हणून आम्ही अंधेरीच्या एका वकिलांकडे गेलो. तोवर नवीन वर्ष लागलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पूर्वी अशा दाव्याला मुदत नव्हती, आता कायदा बदललाय, सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, असं त्यांनी समजावलं.

“पण मला त्रास सुरू झाला तो दिवाळीत,” बायको म्हणाली.

“कायदा अपघाताची तारीख धरतो, मॅडम. दुखणं कधी कळलं ते धरत नाही.”

या मुदतीवर वरच्या कोर्टात वाद चालू आहे, तिथून काही निघूही शकेल, असं ते म्हणाले. पण गाडीचा नंबर नाही, पोलिसात नोंद नाही, त्या दिवशीचा डॉक्टरचा कागद नाही. मग दावा लावायचा तरी कुणावर? त्यांनी आमच्याकडून फी घेतली नाही. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. थोडी जरी आशा असती तर त्यांनी घेतली असती.

बाहेर मेट्रोच्या खांबाशी ती थांबली. “दुसरं कुणी मान धरून आलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी एक्स-रे काढायला पाठवलं असतं,” म्हणाली.

ऑपरेशनने मुंग्या थांबतील, पण बोटांत जाण परत येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. तिने ते करून घेतलं नाही. व्यायाम केले, मानेला पट्टा लावला. नर्सिंग होमने तिला काउंटरवर बसवलं. तिथे ती पेशंटला नंबर देते. मूल रडायला लागलं की नजर खाली वळवते.

परवा शेजारच्या मावशी नातवाला कडेवर घेऊन दाराशी आल्या. पोराला ताप होता, डॉक्टरने लिहून दिलेलं इंजेक्शन त्यांच्या हातात होतं. एवढं दे ना गं, म्हणाल्या. बायकोने त्यांना खालच्या दवाखान्यात पाठवलं आणि दार लावून घेतलं.