थोर माणसाचा संसार

केपवाल्या भाभींसमोर कोणी त्यांच्या नवऱ्याला थोर म्हटलं, की त्या लगेच त्याची एखादी घरगुती खोड सांगत. "थोर असतील गो. पण दूध तापवायला सांगितलं आणि उतू गेलं नाही, असं एकदा तरी घडलं असेल तर शपथ!"

मुलांनो, ऐंशी सालानंतरच्या काही वर्षांत भाभी रत्नागिरीत आमच्या शेजारी राहत. माहेर बुरोंडीचं, सासर थेट दक्षिण आफ्रिकेतलं केपटाऊन. तिथल्या गोऱ्या सरकारने काळ्या-सावळ्या माणसांसाठी वस्त्या, अगदी बसायचे बाकसुद्धा वेगळे ठेवले होते; गोऱ्यांशी लग्न करायलाही बंदी होती. त्याविरुद्ध लढणाऱ्यांत भाभींच्या नवऱ्याचं नाव मोठं. त्यांना जन्मठेप झाली आणि भाभी लेकीला, सलमाला, घेऊन इकडे परतल्या.

मी इंग्रजीची शिक्षिका, शिवाय महिला मंडळाची चिटणीस. एवढ्या पुढाऱ्याची बायको कुंपणापलीकडे राहते म्हटल्यावर मी सोडते की काय! सभा ठरवली. स्वागत, परिचय, भाषण, चहा, सगळ्याला मिनिटं नेमून दिली. भाभी उठल्या आणि नवरा कांदा कसा चिरतो ते सांगू लागल्या: चष्मा कपाळावर, जीभ दातांत, डोळ्यांतून धारा. बायका खिदळू लागल्या. माझं वेळापत्रक कोसळताना दिसत होतं. मी मागून कुजबुजले, "भाभी, लढ्याबद्दल बोला ना."

"तेच तर सांगतेय, बाई. पोलीस आले तेव्हा कांदा अर्धाच चिरून झाला होता. उरलेला मी चिरला. पोरीला जेवायला तर घालायचं होतं."

त्यानंतर मी तीन इंग्रजी वचनांसह आभार मानले. वेळेत मानले. ऐकले कोणीच नाहीत.

पुढे सलमाला स्थळ आलं. मुलगा तिला आवडलाही होता. पण ती म्हणाली, "अब्बा सुटल्याशिवाय मी लग्न करणार नाही." माझा ऊर भरून आला. तांदूळ निवडत बसलेल्या भाभींना मी त्यागावर छोटंसं व्याख्यान दिलं.

"बाई, तुम्ही तुमच्या लेकीचं लग्न थांबवलंत काय कोणासाठी?"

"नाही, पण—"

"मग माझीला कशाला बसवता? एक माणूस तुरुंगात आहे तेवढा पुरे. सगळं घरच बसलं तर त्या सरकारचं काम फुकटात झालं की!" मग त्या सलमाकडे वळल्या. "बाय, ते आत कशासाठी गेले? माणसाला हवं तिथे राहता यावं, हवं त्याच्याशी लग्न करता यावं म्हणून ना? तुला करायचं नसेल तर तसं सांग. त्यांच्या नावावर ढकलू नको."

सलमा बराच वेळ रडली. मग नाक ओढत तिने विचारलं, "तो अब्बांसारखा घोरत तर नाही ना?"

लग्न ठरलं. पाठवणीच्या वेळी भाभींना आधार द्यावा म्हणून मी इस्त्रीचा रुमाल घेऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. सलमा आईच्या गळ्यात पडली आणि हुंदका फुटला तो मला, तोही असा, की मुलाकडची एक म्हातारी हळहळली, "मुलीची आई ह्याच काय गो?"

भाभींनी माझ्याच हातातला रुमाल घेऊन माझे डोळे पुसले.

"आज ह्याच," त्या म्हणाल्या. "मला आज बापाचं काम आहे."

आणि पदर सारखा करून, पाहुण्यांना निरोप द्यायला त्या फाटकाशी पुरुषमंडळींत जाऊन उभ्या राहिल्या.