अठरा व्होल्ट

अंबरपेठेतले आमचे दाजी मुकुंदराव, म्हणजे कमलाक्काचे यजमान, एरवी गरीब गाय. पण कुणी व्होल्टेजबद्दल वेडंवाकडं बोललं की त्यांचा पारा चढायचा. कचेरीतून आले की ते घरी गिटारची पेडलं बनवत. पेडल म्हणजे पायानं दाबायची पत्र्याची डबी. दाबली की गिटारचा आवाज भरदार, जरा खरखरीत होतो. घेणारी पोरं विचारायची, "अंकल, अठरा व्होल्ट दिले तर आवाज डबल होतो ना?"

"नक्को! नऊ मंजे नऊ. अडॅप्टरवर छापलेलं वाचू नका, मीटर लावा. ही डबी वीज खाते चिमूटभर. खाणारं एवढं कमी असलं की अठराचा अडॅप्टर तिला पंचवीस फेकतो."

अक्का गिटार मांडीवर आडवी घेऊन भावगीतं वाजवते. वीस वर्षं तिच्या पायाशी दाजींचीच डबी. तिच्यातला ट्रान्झिस्टर दाजींनी वडिलांच्या जुन्या रेडिओतून काढलेला. तसा आता कुठंच मिळत नाही.

मग आंध्र आणि तेलंगण असे राज्याचे दोन तुकडे झाले आणि शाळा कुठं झाली ते बघून सरकारी नोकरदारांचीही वाटणी झाली. पाच पिढ्या हैदराबादेत गेलेलं घर, पण वडिलांच्या बदलीपायी दाजींची शाळा गुंटूरला झालेली. हरिश्चंद्राच्या अवतारानं ते फॉर्मवर खरं लिहून आले. झालं, कागदावर दाजी आंध्रचे! विजयवाड्याला एकट्यानं राहायचं, कारण अक्काची नोकरी इथली. माणूस पार खचला. एकदा जेवताना मला म्हणाले, "यशवंत, मी नसलो तरी ही डबी वाजेल. तेवढंच माझं या घरात उरंल."

जाण्याआधीच्या रविवारी हिमायतनगरला अक्काचा कार्यक्रम होता. त्याच सकाळी तालमीत मंडळाचे भगवंतराव म्हणाले, "मागं कायच ऐकू येईना." स्पीकरचं बटण फिरवायचं सोडून दाजींनी डबीला अठराचा अडॅप्टर लावला. मीटर सामानात बांधला गेला होता.

"दाजी, तुम्हीच सांगता ना—"

"आज शेवटच्या रांगेपर्यंत गेलं पाहिजे," ते म्हणाले. मी तो अडॅप्टर तिथंच उपटायला हवा होता. नाही उपटला, आणि त्याचा संताप अजून जात नाही.

कार्यक्रमात दुसऱ्या गाण्याला फट्ट आवाज झाला, जळका वास सुटला. डबी गेली. अक्कानं वायर काढून गिटार थेट स्पीकरला जोडली आणि कार्यक्रम पुरा केला.

लोक तिच्याभोवती जमले. "आज पहिल्यांदा सूर न् सूर कळला हो, कमलताई!" अक्काचा चेहरा नुसता फुलला होता.

परतताना ऑटोत ती म्हणाली, "मलापण तसंच वाटलं. डबीत सूर दबतात, हे इतकी वर्षं बोलले नाही. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"हौ," दाजी म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

मंगळवारी बस सुटताना अक्कानं खिडकीशी जाऊन सांगितलं, "तिकडं वेळ मिळंल. एक नवी बनवा."

"कुणासाठी?" दाजींनी विचारलं.