मांडवीची हवा

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत आम्ही सुरतेत लिंबायतला राहत होतो. आमचे हे धुळ्याहून आल्यापासून कापडाच्या लूमवर, यंत्रमागावर कामाला. त्या खडखडाटानं त्यांचे कान मंदावले आणि धुळीनं छाती धरली. डॉक्टर म्हणाले, "हवा बदला, नाहीतर जड जाईल."

माझा भाऊ तापीकाठच्या मांडवीजवळ एका गावात उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. त्यानं आम्हाला तिथं खोली बघून दिली. लेकीला घेऊन आम्ही गेलो. दारातून सागाचे डोंगर दिसायचे, सकाळी शेतांवर धुकं उतरायचं. मला अंगणवाडीत खिचडी शिजवायचं काम मिळालं. लेक महिनाभरात गुजराती बोलायला लागली. मी तर त्या गावात रमलेच.

यांचं मात्र बिनसत गेलं. ऐकू कमी येत असल्यानं ते मोठ्यानं बोलत, लोकांना वाटे हा माणूस भांडतोय. दूध घालणारी बाई एकदा घाबरून भांडं तिथंच ठेवून निघून गेली. त्या दिवसापासून त्यांनी बोलणंच टाकलं. नुसते ओट्यावर बसून राहत. मी खोदून विचारलं तेव्हा आमच्या अहिराणीत म्हणाले, "माले आठे करमत नई. तिकडे लूमवर सगळेच ओरडीन बोलतस. आठे मी एकलाच बहिरा."

ऊस तुटून गेल्यावर लोकांनी शेतातलं पाचट पेटवलं. दुपारी वारा फिरला आणि सगळा धूर आमच्या घरात शिरला. यांचा श्वास अडकला, ओठ काळेनिळे पडले. भाऊ ट्रॅक्टर घेऊन बाहेरगावी गेलेला. मी रस्त्यावर धावले तर ती दूधवालीच भेटली. तिनं नवऱ्याला जीप काढायला लावली आणि वाटभर यांचं डोकं मांडीवर धरून बसली. मांडवीच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं आणि डॉक्टर म्हणाले, "सुरतेला न्या."

सुरतेच्या दवाखान्यात दोन दिवसांनी ते सावरले. गल्लीतले, लूमवरचे सोबती भेटायला आले. सगळे मिळून एवढ्या मोठ्यानं बोलत होते की नर्स रागवून गेली. हे हसत होते. कित्येक महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

सगळे गेल्यावर मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "गावाला परत जायचं ना?"

"हवा चांगली शे तठली," ते म्हणाले. "पन माले घर लई चाल."

आम्ही लिंबायतला परतलो. लूमवर जाणार नाही, असं त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं होतं. मी साड्यांना फॉल लावायला घेतले, त्यांनी भाजीची गाडी लावली. ती जेमतेम पावसाळ्यापर्यंत टिकली. एके दिवशी जेवायला बसले तर केसांत धाग्याचे तंतू. मी रडले, भांडले, दोन दिवस बोलले नाही. ते मान खाली घालून जेवायचे आणि सकाळी डबा न मागता निघून जायचे.

शेवटी मीच डबा भरून द्यायला लागले. घरी आले की वाफ घ्यायला पाणी तापलेलं असायचं. असे आणखी तीन हिवाळे निघाले. चौथा त्यांच्यानं निघाला नाही.