मोरीत जाऊन हसणारे तात्या

तात्यांना हसू आलं की ते उठून मोरीत जायचे. दार लावायचे, नळ सोडायचे आणि पोटभर हसून घ्यायचे. मग पंच्यानं तोंड पुसत, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं परत खुर्चीत येऊन बसायचे. मी त्यांच्या शेजारच्या घरातली सून. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, त्यांची बायको, आमच्या काकू, गेल्यापासून म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. माझी शंका ओळखून त्यांनी डोळ्यांनीच टीव्हीच्या वरच्या कॅमेऱ्याकडे खूण केली आणि हळू आवाजात म्हणाले, ‘सूनबाई, आपला मंग्या पाहून राहिला ना. जोरात हासलो की इचारते, बाबा, काहून एवढे हासून राहिले? बीपी वाढते म्हन्ते.’

मंग्या म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा मंगेश. बंगळूरला एका कंपनीत आहे. अकोटच्या या घरात त्यानं तीन कॅमेरे बसवले होते, फाटकावर, बैठकीत आणि स्वयंपाकघरात. त्यांतून त्याला नुसतं दिसायचं नाही, बोलताही यायचं. ‘ऑफिसच्या स्क्रीनवर एका कोपऱ्यात आपलं घर दिवसभर चालू असतं, वहिनी,’ असं त्यानं मला मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. आता तात्याही त्याच्याकडेच असतात. इकडे घराला कुलूप आहे आणि कॅमेरे चालू आहेत.

मोरीत मात्र कॅमेरा नव्हता. तिथं कसा लावणार? आणि काकू नेमक्या तिथंच घसरून पडल्या होत्या. तात्या तेव्हा एसटी स्टँडवर गप्पा मारत बसले होते. जन्मभर अकोट-अकोला गाडीवर कंडक्टर, निवृत्त झाल्यावरही पाय तिकडेच वळायचे. ते घरी आले तोवर फार उशीर झाला होता. तेरवी आटोपल्यावर मंगेशनं भिंतीत ड्रिल घातलं, तेव्हा हा बडबड्या माणूस एवढंच म्हणाला, ‘लाव बापा, लाव. माहीच चूक हाय.’ ते कॅमेऱ्यांना का सोसतात, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांना पोरानं कोंडलं नव्हतं, ते स्वतःच आत जाऊन बसले होते.

गाडीत तिकीट फाडण्याआधी ‘कोनाकडं चालला?’ हे विचारणारा हा माणूस. कुणाची सोयरीक कुठे अडली, कुणाची म्हैस कुठे हरवली, सगळं त्यांना ठाऊक. सुरुवातीला स्टँडवरची मंडळी दुपारी त्यांच्याकडे पत्ते खेळायला यायची. एकदा डाव रंगात आला, खर्ऱ्याची पुडी फिरली आणि भिंतीतून आवाज आला, ‘बाबा, डॉक्टरांनी तंबाखू बंद सांगितली आहे ना?’ एका म्हाताऱ्यानं घाबरून पलंगाखाली वाकून पाहिलं. तात्या उठून मोरीत गेले, पण परत येईपर्यंत बैठक रिकामी झाली होती. जाताना एकजण मला म्हणाला, ‘तात्यायच्या घरी बसलं की ठाण्यात बसल्यावानी वाटते बाई.’ त्यानंतर कुणी आलं नाही.

मला मंगेशचा राग यायचा, पण पुरता करता यायचा नाही. भर मीटिंगमधून त्याचा मला मेसेज यायचा, ‘वहिनी, बाबांनी ताट तसंच ठेवलंय, जरा बघता का?’ अशा पोराला काय बोलणार!

त्या उन्हाळ्यात हमीदभाईंना अर्धांगवायूचा झटका आला. हमीदभाई म्हणजे तात्यांच्या गाडीचे ड्रायव्हर, अर्धी नोकरी दोघांनी एकाच गाडीवर काढलेली. अकोल्याच्या दवाखान्यात होते, वाचा गेली होती. तात्या जायला निघाले. भिंत म्हणाली, ‘एवढ्या उन्हात? व्हिडिओ कॉल जोडून देतो ना मी.’ जोडला. तिकडे हमीदभाईंच्या सुनेनं फोन धरला होता, तर अर्धा वेळ पंखाच दिसला. हमीदभाईंचा एक डोळा दिसला, तोही हलला की नाही कळेना. तात्या गाडीत ओरडायचे तसे ‘हमीद, बरा हो रे!’ म्हणून ओरडले आणि कॉल तुटला. मंगेश म्हणाला, ‘चला, भेट झाली.’ तात्यांनी मला मोरीच्या दाराशी बोलावलं. ‘सूनबाई, हे भेट झाली का? मले जा लागते. तो राहत नाई आता.’

‘मग मागच्या दारानं निघा ना,’ मी म्हटलं.

‘असं कसं? ड्यूटी सोडून जाता येत नाई. बदली पायजे.’

कंडक्टरच्या जागी दुसरा कंडक्टर चढल्याशिवाय गाडी हलत नाही, हा त्यांच्या हाडात मुरलेला नियम. म्हणून आमच्या मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, तात्यांचा सदरा आणि टोपी घालून खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. तिथून कॅमेऱ्याला फक्त पाठ दिसते. मामाजींना असल्या भानगडी फार आवडतात. तात्या आमच्या परसातून एसटीला गेले. मी पदराखाली हसू दाबत होते आणि मनातून भ्यालेही होते. आवाज आला, ‘बाबा, गोळी घेतली?’ मामाजींनी मान हलवली. ‘बाबा, जेवलात?’ मान. ‘आज गरम फार आहे का?’ मान. असं संध्याकाळपर्यंत चाललं.

तात्या परतले ते फुलून, आमच्या परसातच सांगू लागले. ‘बोलता येत नाई त्याले. मंग मी त्याचा हात धरला. गाडीत एक घंटी म्हंजे थांब, दोन म्हंजे चाल. मी बोटानं एक देली. त्यानं मले दोन देल्या. जाऊ दे म्हन्ते सूनबाई, अडवू नको म्हन्ते.’ ते रडले, तोंडभर हसलेही. मग विचारलं, ‘मंग्याले समजलं का?’

‘काहीच नाही समजलं,’ मी आनंदानं म्हटलं.

त्यांचा चेहरा उतरला. ‘दिवसभर दुसरा मानूस बसला, तरी नाई?’

पकडले जाण्याची त्यांना भीती होती, असं मी समजत होते. आता त्यांना कधीही जाता आलं असतं, कुणाला पत्ता लागला नसता. पण त्यानंतर ते फाटकापर्यंतसुद्धा गेले नाहीत. मंगेशनं मधे सांगितलं, आता असं यंत्र येतंय की मी कामात असलो तरी माझ्या आवाजात तुमच्याशी बोलेल. तात्या शांतपणे म्हणाले, ‘मंग इकडं बी माह्या आवाजाचं एक बसव. दोघं बोलत राहतीन. तू बी मोकळा, मी बी मोकळा.’ मंगेश हसला. तात्या मोरीत गेले नाहीत.

थोड्याच दिवसांत हमीदभाई गेल्याचा फोन आला. तात्या मातीला गेले नाहीत. आमच्याकडे घरचं मोठं माणूस गेलं की मिशी उतरवतात. तात्यांची मिशी भरघोस, पांढरी, एसटीत भरती झाल्यापासूनची. ती त्यांनी स्वतःच्या हातानं काढली. दुसऱ्या दिवशी भाजीवालीनं टोपली खाली ठेवायच्या आधीच विचारलं, ‘कोन गेलं जी तात्या?’ दूधवाल्यानं सायकल थांबवून विचारलं. तात्या प्रत्येकाला नीट सांगत होते, ‘मोठा भाऊ गेला माहा.’

मी त्यांचा डबा घेऊन गेले तेव्हा त्यांनी खिडकीकडची खुर्ची फिरवून थेट कॅमेऱ्यासमोर आणली होती. ताठ बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली, उघडा चेहरा वर केला. मीही डबा हातात धरून उभी राहिले. बऱ्याच वेळानं आवाज आला.

‘अरे वा बाबा, आज इकडे तोंड करून बसलात! बरं वाटलं बघून. गोळी घेतली?’

मी बोलायला तोंड उघडलं, तर तात्यांनी हात वर करून मला थांबवलं. 

‘घेतली,’ म्हणाले.